रविवारच्या सह्या

आमच्या कर्जत तालुक्यात समुद्र नाही. ही माहिती गेली एकोणीस वर्षं लोक मला देत आले आहेत. सुट्टीवर आलो की केस कापायला बसावं तर न्हावी सांगतो, बँकेत गेलो तर कॅशियर सांगतो. त्यानंतरचा प्रश्नही ठरलेला. "मग नेव्हीत कसं काय?" मी सांगतो, नेव्हीत नाही, मर्चंट नेव्हीत. "म्हंजी बंदूक न्हाई?" नाही. "कँटीनचं कार्ड?" तेही नाही. इथे समोरच्याचा माझ्यातला रस संपतो. नगर जिल्ह्यात वर्दी म्हटली की लोकांना भिंगारची छावणी आठवते आणि छावणी म्हटली की कँटीन. त्या कँटीनमधलं काहीच मी आणून देऊ शकत नाही, म्हणजे माझी नोकरी बहुधा खोटीच असणार.

तेव्हा एकदाच लिहून टाकतो. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू जहाजांवरची नोकरी. कोळसा, गहू, लोखंड, लाकूड या देशातून त्या देशात न्यायचं. आम्ही पाण्यावरचे ट्रक ड्रायव्हर आणि क्लीनर. मी क्लीनर म्हणून चढलो आणि आज बोसन आहे, म्हणजे डेकवर काम करणाऱ्या खलाशांचा मुकादम. माझ्या आईला ही नोकरी अजून पटलेली नाही. "पाण्यात ऱ्हायचं आन् प्यायला पानी मोजून, ह्यापरीस आपली हीर काय वाईट हुती?" असं ती पहिल्या दिवशी म्हणाली होती, आणि आजही म्हणते.

या अंकाच्या संपादकांनी फोन करून ‘सागरावरचे थरारक अनुभव’ मागितले. वादळं, चाचे, डॉल्फिन. वादळात मी पहिली दोन वर्षं फक्त ओकलो. चाचे मला कधी भेटले नाहीत. डॉल्फिन दिसतात, छान असतात, त्यावर आणखी काही लिहिण्यासारखं माझ्याकडे नाही. मला लिहायचंय ते एका कागदाबद्दल. आणि मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवतो. राग निवला की लिहू म्हणून उन्हाळ्यापासून थांबलो होतो. तो काही निवत नाही.

खलाशी व्हायचं तर आधी सहा महिन्यांचा कोर्स करावा लागतो. तिथे मला अनुग्रह साळवे भेटला. भिंगारचा. सगळ्या बॅचमध्ये नगर जिल्ह्यातले आम्ही दोघंच, म्हणून पहिल्याच दिवशी एकमेकांना चिकटलो. मी शेतकऱ्याचा मुलगा, पोहायला विहिरीत शिकलेला. तो ख्रिस्ती घरातला, चर्चमध्ये गाणारा, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं आणि पोहणं जेमतेम. मी त्याला पाण्यात ढकलायचो, तो मला इंग्रजीत ढकलायचा. मला ‘दत्त्या’ म्हणायचा. घरचे सोडून मला दत्त्या म्हणणारा तो एकटाच.

त्याचे वडील, साळवे काका, लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर होते. वर्दीवाले नव्हेत, सिव्हिलियन. आयुष्यभर त्यांनी नटबोल्ट, ताडपत्र्या, टायर आणि ट्यूब मोजल्या. जहाजावर जाण्याआधी मी त्यांच्या क्वार्टरवर जेवायला गेलो होतो. अनुच्या आईने मटण केलं होतं. जेवण झाल्यावर काकांनी आमचे फॉर्म बघायला मागितले. अनुच्या फॉर्मवर एका ठिकाणी चुकलेलं पांढऱ्या शाईने बुजवलं होतं. काकांचा चेहरा असा झाला की जणू पोराने चोरी केली आहे.

"हे काय आहे?"

"चुकलं होतं, दादा. खोडलं."

"खोडायचं नसतं. चुकलेल्यावर एक सरळ रेघ मारायची. खाली बरोबर काय ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. काय चुकलं होतं ते वाचता आलं पाहिजे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आणि दत्तात्रय, तूही ऐक. मोजल्याशिवाय सही नाही. समोर जनरल उभा राहिला तरी नाही."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. बाहेर आल्यावर अनु हसून म्हणाला, "घरात मीठ संपलं तरी आमचे दादा आधी डबा उघडून बघत्यात, मग यादीवर सही करत्यात."

पहिलं जहाज दोघांना एकच मिळालं. आम्ही ते आमचं नशीब समजलो होतो.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. जहाजात माल ठेवायची जी प्रचंड कोठारं असतात, त्यांना होल्ड म्हणतात. माल भरला की ती वरून घट्ट बंद होतात, महिना महिना उघडत नाहीत. काही माल आतली हवा खातो. कोळसा खातो, गंजणारं लोखंड खातं, आणि ओलं लाकूडही खातं. वास येत नाही, धूर दिसत नाही, गुदमरल्यासारखंही होत नाही. माणूस दोन-चार श्वास घेतो आणि खाली बसतो. म्हणून नियम असा की आत जाण्याआधी मीटर सोडून हवा मोजायची. चांगल्या हवेत प्राणवायूचा आकडा वीस पूर्णांक नऊ येतो. तो आकडा एका कागदावर लिहायचा. त्याला परमिट म्हणतात. त्यावर मोजणाऱ्याची सही, आत जाणाऱ्याची सही, आणि दारावर थांबणाऱ्याची सही. दारावर थांबणाऱ्याचं काम फक्त आतल्या माणसाकडे बघत राहणं आणि काही झालं तर ओरडून मदत बोलावणं. त्याने स्वतः आत जायचं नाही.

यात नवीन काही नाही. माझा बाप शाळेची पायरी चढला नव्हता. जुनी विहीर उपसायची असली की तो आधी दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर त्या दिवशी कोणी उतरायचं नाही. "कंदील बगितल्याबिगर पाय टाकला तर तंगडं मोडीन," असं आम्हा पोरांना सांगून ठेवलेलं. पदव्या घेतलेल्या लोकांच्या जहाजावर हा कंदील मीटरच्या रूपात ऑफिसच्या कपाटात ठेवलेला होता, आणि मी त्या जहाजावर होतो तोवर तो एकदाही बाहेर आलेला पाहिला नाही.

आमच्या जहाजावर या बाबतीत एक पद्धत होती. भारतीय खलाशी असलेल्या बहुतेक जहाजांवर रविवारी दुपारी बिर्याणी असते. बिर्याणी खाऊन सगळे सुस्तावले की आमचे चीफ ऑफिसर ऑफिसात फाइल घेऊन बसायचे. डेकची सगळी जबाबदारी त्यांची. पुढच्या आख्ख्या आठवड्याची परमिटं त्यांनी आधीच छापून ठेवलेली असायची. सोमवार ते शनिवार, प्रत्येक कागदावर वार, वेळ, होल्डचा नंबर आणि प्राणवायू वीस पूर्णांक नऊ. आम्ही रांगेने जायचं, आपापल्या नावापुढे सह्या करायच्या आणि झोपायला जायचं. दहा मिनिटांत आठवडाभराची सुरक्षा उरकायची. कंपनीचा तपासनीस आला की फाइल बघून खूश व्हायचा, कारण इतकी व्यवस्थित फाइल दुसऱ्या कुठल्या जहाजावर नसायची.

पहिल्या रविवारी मी बिनदिक्कत सह्या केल्या. माझ्यामागे अनु होता. त्याने पेन हातात घेतलं, कागद वाचला आणि थांबला.

"सर, बुधवारची हवा अजून मोजलेली नाही ना?"

चीफ ऑफिसर मनापासून हसले. वाईट स्वभावाचा माणूस नव्हता तो, हे लिहिताना मला जास्तच चीड येते. "हवा है बेटा," म्हणाले, "कहाँ जाएगी?"

मागची माणसं हसली. अनुने पेन खाली ठेवलं नाही आणि सहीही केली नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला काय हवं होतं ते मला पक्कं कळलं. मी नुसतं "व्हय सर, मोजून मग करू," एवढं म्हटलं असतं तर तो अडून बसला असता. मला झोप येत होती. मागचे लोक चुळबुळ करत होते. मी त्याला कोपर मारलं आणि म्हणालो, "कर ना राव, कशाला उगं."

त्याने सही केली. त्यानंतरच्या रविवारी तो थांबला नाही.

तीन महिन्यांनी आम्ही परदेशातल्या एका बंदरात लाकडाचे ओंडके भरले आणि गुजरातकडे निघालो. गुजरातचं बंदर चार-पाच दिवसांवर असताना, बुधवारी सकाळी, तीन नंबरच्या होल्डच्या तळाशी पाणी साचल्याची सूचना देणारी घंटा वाजायला लागली. अशी घंटा बरेचदा उगाच वाजते. चीफ ऑफिसरनी वॉकीटॉकीवरून बोसनला सांगितलं, साळवेला उतरव, पहिल्या फळीवरून टॉर्च मारून पाणी दिसतंय का बघू दे, दत्ता दारावर थांबेल. परमिट आहेच. खरंच होतं. रविवारीच झालं होतं.

डेकवर माणूस उतरेल एवढं एक झाकण असतं, त्याखाली सरळ लोखंडी शिडी आणि शिडीत मध्येमध्ये उभं राहायला फळ्या. आम्ही झाकण उघडलं. आतून लाकडाचा ताजा, गोड वास आला. विहिरीतल्या घाण हवेला निदान वास तरी येतो. अनु उतरायला लागला आणि उतरता उतरता म्हणाला, "दत्त्या, आमच्या भिंगारच्या वखारीचा वास येतोय बघ." फळीवर पोचला, टॉर्च लावला. मी विचारलं, पाणी हाय का. तो म्हणाला, "थांब." आणि खाली बसला. दमल्यासारखा, पाठ शिडीला टेकून. टॉर्च हातातून सुटला आणि ओंडक्यांवर आपटत खाली गेला.

मी हाक मारली. दोनदा, तीनदा. मग मी काय केलं तर एक पाय आत टाकला. आमच्याकडे विहिरीत कोणी बुडायला लागलं की काठावरचा विचार करत नाही, उडी टाकतो. माझा दुसरा पाय उचलला जाणार तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या बॉयलर सूटची कॉलर धरली आणि मला डेकवर उताणं पाडलं. ते आमचे तेव्हाचे बोसन, दापोलीकडचे मजीदचाचा. ते माझ्या छातीवर गुडघा देऊन बसले. मी त्यांना शिव्या देत होतो, चावलोसुद्धा. ते एवढंच म्हणत होते, "एक गेलाय. दुसरा नको. ऐक माझं, दुसरा नको."

पाठीवर हवेची टाकी बांधून दोन जण उतरले आणि त्याला वर काढलं. त्या टाक्या आणायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. त्या बंद कपाटात होत्या आणि चावी शोधावी लागली. वर आणल्यावर त्याची छाती दाबली, तोंडाला ऑक्सिजन लावला. बराच वेळ केलं सगळं. मग मजीदचाचांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थांबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चीफ ऑफिसरनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे डोळे सुजलेले होते. समोर एक टाइप केलेला कागद होता. अनुग्रह साळवे हा कोणाच्याही आदेशाशिवाय होल्डमध्ये उतरला, दारावरच्या माणसाने त्याला परत बोलावले, तरी त्याने ऐकले नाही. खाली माझं नाव आणि सहीसाठी जागा.

मी म्हणालो, "सर, परमिट होतं."

"कौन सा परमिट?"

त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली. सोमवार होता, मंगळवार होता, गुरुवार, शुक्रवार, शनिवार होता. बुधवारचा कागद नव्हता. मग त्यांनी मला शांतपणे समजावलं. असं समज की ते परमिट आहे. त्यावर दारावरचा माणूस म्हणून सही कोणाची? तुझी. मीटरचा आकडा समोर बघितला असा त्या सहीचा अर्थ होतो. बघितलास का तू? मग पोलीस आधी कोणाला विचारतील? तुझी सीडीसी जाईल. सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक, ते गेलं की समुद्र संपला. पहिलंच जहाज आहे तुझं, घरी म्हातारे आईबाप आहेत. साइन कर दे बेटा, फॉर्मॅलिटी है.

हा शब्द ऐकला की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तहसील कचेरीत, दवाखान्यात, कुठेही. पण त्या दिवशी मला राग नव्हता आला. मला भीती वाटली होती, आणि मी सही केली. वाचून केली, समजून केली. रविवारची सही झोपेत केली म्हणता येईल, या सहीला तसलं काही म्हणता येणार नाही.

अनुला घेऊन मी भिंगारला आलो. त्यांच्या दफनभूमीत त्याला पुरलं. चर्चच्या मंडळीतले लोक गात होते, त्यातली निम्मी गाणी मी अनुच्या तोंडून ऐकलेली होती. चार दिवसांनी कंपनीचा अहवाल काकांच्या हातात पडला. त्यांनी तो माझ्यासमोर तीनदा वाचला. एकेका ओळीवर बोट ठेवून. मग चष्मा काढला आणि विचारलं, "माझा मुलगा न सांगता आत गेला?"

मी म्हणालो, "हो काका."

काकू आत रडायला लागल्या. काकांनी, माझ्याने हे लिहवत नाही पण लिहितो, माझी माफी मागितली. "त्याच्या हट्टापायी तुला फार त्रास झाला, बाळा," म्हणाले. "तू हाका मारल्यास. तू तुझं काम केलंस." आणि काकूंना म्हणाले, दत्तात्रयला चहा टाक.

घरी वडील म्हणाले, "बास झालं पानी. सुप्याला कंपन्या निगाल्यात, तिथं लाग." मी ऐकलं नाही. सहा महिन्यांनी पुन्हा जहाजावर गेलो. लोकांना ती हिंमत वाटली. हिंमत कसली, भिंगारपासून लांब जायला मिळत होतं. तरी दर सुट्टीत एकदा काकांकडे जायचो. परदेशी चॉकलेटं न्यायचो, चहा प्यायचो, काकूंच्या हातचे पोहे खायचो. दर वेळी ठरवून जायचो की आज सांगायचं. दर वेळी चहा झाला की उठायचो. सात वर्षांपूर्वी काकू गेल्या. आपला मुलगा हट्टी होता, सांगितलेलं ऐकायचा नाही, एवढं मनात घेऊन गेल्या. माझा सगळ्यात मोठा राग चीफ ऑफिसरवर नाही आणि कंपनीवर नाही. ते चीफ ऑफिसर पुढे किनाऱ्यावरच्या ऑफिसात गेले आणि कुठल्याशा कंपनीत जहाजांची सुरक्षा बघतात असं ऐकलं, तेव्हा मी जेवता जेवता ताट बाजूला सारलं होतं. पण काकूंना मी सांगितलं नाही, त्यात चीफ ऑफिसरचा किंवा कंपनीचा काही हात नव्हता.

मी बोसन झाल्यापासून माझ्या डेकवर रविवारी कोणी सही करत नाही. मीटर माझ्यासमोर आत सोडायचा, आकडा मी वाचायचा, मग कागद. यात वेळ जातो. तरुण ऑफिसर वैतागतात. एकाने माझ्याबद्दल कंपनीला लिहिलं की हा माणूस कामात अडथळे आणतो. बंदरात जहाज एक तास जास्त थांबलं की वरून फोन येतात, आणि आजही, इतक्या वर्षांनंतरही, बिर्याणी खाऊन फाइल उघडणारी जहाजं मला माहीत आहेत. त्यांची नावं मी इथे लिहीत नाही. त्यांच्यावरचा कोणी हे वाचत असेल तर त्याला कळेल.

आता या उन्हाळ्याचं. नगरला एका मंगल कार्यालयात मुलांसाठी करिअर शिबिर होतं. मला पाहुणा म्हणून बोलावलं. माझ्या शेजारी एका अकॅडमीचे गृहस्थ पांढऱ्या गणवेशात, खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावून बसले होते. त्यांनी पडद्यावर निळा समुद्र दाखवला आणि सांगितलं की आमच्या क्षेत्रात परमिटशिवाय पान हलत नाही, त्यामुळे पालकांनी निश्चिंत असावं. मी खुर्चीत वळवळत होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा माणूस उठला आणि म्हणाला, मला दोन मिनिटं बोलायचंय. साळवे काका. आता वय सत्तरीच्या पुढे, हातात काठी. आयोजक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "हे दरवर्षी येतात. पोरांसाठी चांगलं बोलतात."

काका माईकसमोर उभे राहिले. शर्ट कडक इस्त्रीचा. म्हणाले, "मुलांनो, माझा मुलगा तुमच्याच वयाचा होता. बोटीवर गेला. चांगला होता, पण त्यानं ऐकलं नाही. न सांगता आत उतरला आणि गेला. मी त्याला शिस्त लावण्यात कमी पडलो. तुम्ही वरिष्ठांचं ऐका. माझ्या मुलासारखं करू नका." मग त्यांची नजर माझ्यावर गेली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा बघा, हा त्याचा मित्र. यानं त्याला परत बोलावलं होतं. हाका मारल्या होत्या."

आणि सभागृहात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या.

मी त्या टाळ्यांत बसून राहिलो. एकोणीस वर्षं दर उन्हाळ्यात हा माणूस आपल्या मेलेल्या मुलाला परक्या पोरांसमोर उभं करून दोषी ठरवत होता, स्वतःलाही ठरवत होता, आणि ते मी टाइप केलेल्या एका कागदाच्या जोरावर. मी टाइप केला नव्हता म्हणा. मी फक्त सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगारला गेलो. काकांनी दार उघडलं, "ये, चहा टाकतो," म्हणाले. मी म्हणालो, चहा नको काका, आधी ऐका. आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. रविवारची फाइल, बुधवारचा कागद, वॉकीटॉकीवरचा हुकूम, केबिन, सही. ते खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. माझं संपल्यावर उठले. मला वाटलं, आता घराबाहेर काढतील, आणि काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी कपाट उघडून एक फाइल काढली. कंपनीचा अहवाल. कागद पिवळा पडला होता, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली होती. तो टेबलावर पसरून त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन माझ्यापुढे ठेवलं.

"चुकलेलं आहे त्यावर रेघ मार. एकच. वाचता आलं पाहिजे."

मी रेघ मारली. ती सरळ आली नाही.

"खाली बरोबर काय ते लिही."

मी मराठीत लिहिलं. अनुग्रह साळवे याला वॉकीटॉकीवरून हुकूम मिळाला होता म्हणून तो उतरला. हवा मोजलेली नव्हती. परमिट रविवारीच सह्या करून तयार होतं. मी हाका मारल्या त्या तो खाली बसल्यावर, त्याआधी नाही. पेन खाली ठेवणार होतो, पण थांबलो. अजून एक राहिलं होतं, ते मी बोलतानाही गाळलं होतं. ते लिहिलं. पहिल्या रविवारी अनुग्रहने विचारलं होतं की हवा मोजलेली नाही ना, आणि तो सही करत नव्हता. मी त्याला कोपर मारून सही करायला लावली.

सहीसाठी पेन टेकवलं तेव्हा काकांनी माझं मनगट धरलं.

"आधी वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. शेवटच्या दोन ओळीही वाचल्या. काकांनी हातानेच पुन्हा वाच अशी खूण केली. त्या दोन ओळी त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतल्या. मग ते भिंतीवरच्या अनुच्या फोटोकडे बघत राहिले. गणवेशातला फोटो आहे, कोर्स संपला त्या दिवशीचा, चौकटीत बसावा म्हणून शेजारचा मी कापलेला आहे, खांदा तेवढा दिसतो.

"थांबला होता," ते म्हणाले. "सही करत नव्हता."

"हो काका."

"विचारलं होतं त्यानं."

"हो."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. मग मला तोच प्रश्न विचारला, एकोणीस वर्षांपूर्वीच्याच शब्दांत.

"माझा मुलगा न सांगता आत गेला?"

"नाही काका."

त्यांनी माझं मनगट सोडलं.

"मग कर सही."